सिंधुदुर्ग किल्ला तासाभरात नव्हे, दिवसभरात कसा पाहावा

मालवणच्या धक्क्यावरून सुटलेली होडी थोड्याच वेळात किल्ल्याच्या कुरटे बेटावर उतरवते आणि साधारण तासाभराने परत न्यायला हजर. तेवढ्यात शिवराजेश्वराचं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या देवळाचं, दर्शन होतं, फोटो होतात. ४८ एकरांचं बेट मात्र बघायचं राहतं.

पावसाळ्यात होड्या बंद असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला मधला वार गाठा. नाताळच्या सुट्टीत जाऊच नका. २०२५ मध्ये किल्ला जागतिक वारसा यादीत गेलाय, तेव्हा रविवारी शांतता मिळेल ही आशा सोडा.

मग भिंतीवरचं कॅलेंडर काढा. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते: षष्ठीला साडेचार. ओहोटी त्याच्या सहा तास आधी, म्हणजे सकाळी साडेदहाच्या सुमारास. हिशोब ढोबळ आहे. तासभर इकडेतिकडे धरा आणि धक्क्यावर विचारा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण (मोठी भरती-ओहोटी), अष्टमीच्या आसपास भांग (सगळ्यात कमी चढउतार). ओहोटी सकाळची हवी, कारण तटातल्या छोट्या दिंडी दरवाजातून उतरून जायची ‘राणीची वेळा’ ही वाळूची चिमुकली पुळण तेव्हाच मोकळी सापडते.

कोकण रेल्वेने कुडाळ, पुढे एसटी. मुक्काम मालवणातच करा.

सकाळची पहिली होडी घ्या, पण बसण्याआधीच सांगा, “आम्ही उशिरा येऊ.” परतीला कुठली होडी चालेल आणि शेवटची कधी, हे तिथेच पक्कं करा. नंतरची हुज्जत फुकट.

महादरवाजा तटाच्या वळणात असा दडलाय की होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आत शिरल्यावर घुमटीतले चुन्यावरचे, महाराजांचे मानले जाणारे हाताचे नि पायाचे ठसे पाहा आणि गर्दी देवळाकडे वळली की तुम्ही तटावर चढा. १६६४ मध्ये सुरू झालेलं हे बांधकाम वरूनच नीट कळतं: नागमोडी तट, खाली फुटणाऱ्या लाटा. तटाला कठडा सगळीकडे नाही, मुलांचा हात सोडू नका. ऊन चढलं की खाली या. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तिन्ही विहिरींना भर समुद्रात गोडं पाणी आहे! किल्ल्यावर आजही काही कुटुंबं राहतात. त्यांच्याकडे कोकम सरबत घ्या, गप्पा मारा, पण न विचारता कुणाच्या अंगणात कॅमेरा नेऊ नका.

आपलं प्लास्टिक एका पिशवीत भरून परत आणा. बेटावरचा कचराही होडीनेच न्यावा लागतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मालवणातल्या चिवल्याच्या किनाऱ्यावर जा. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागली असेल तर दोर ओढायला हात लावू का, असं खुशाल विचारा.