‘लाटे’ मागितलं, दूध आलं! परदेशात कॉफी मागताना या चुका टाळा

मे महिन्यात सोलापुरातून युरोपच्या टूरा निघतात आणि जूनमध्ये सात रस्त्यापासून नव्या पेठेपर्यंत एकच रडगाणं ऐकू येतं. “सगळं भारी होतं ओ, पण कॉफी? छ्या!” या तक्रारीतला दोष बहुतेक वेळा कॉफीचा नसतो, मागणाऱ्याचा असतो. उडप्याच्या हॉटेलात ‘एक कॉफी’ म्हटलं की दूध, साखर, चिकोरी, वरचा फेस सगळं न सांगता येतं. बाहेर तोच शब्द दर देशात वेगळी वस्तू समोर आणून ठेवतो.

सगळ्यात जास्त घोळ इटलीत होतो. तिथं नुसतं ‘काफे’ म्हणजे एस्प्रेसो. साधारण ७ ग्रॅम पावडरीतून २५-३० सेकंदांत काढलेली, जेमतेम २५-३० मिली. कपाच्या तळाशीच राहते ती. आणि ‘लात्ते’ हा इटालियनमधला दुधाचा शब्द आहे, कॉफीचा नव्हे.

रोमच्या तेर्मिनी स्टेशनवर सोलापूरच्या सहा जणांची झालेली गत बघा. अप्पा थेट काउंटरला गेले आणि म्हणाले, “सिक्स लाटे.” बारवाल्यानं (तिथं कॉफीच्या दुकानालाच ‘बार’ म्हणतात) विचारलं, “स्कोंत्रीनो?” अप्पांना वाटलं साखर विचारतोय, त्यांनी मान डोलावली. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. दहा मिनिटं गेली, मागून आलेले पिऊन गेले, अप्पांचा पारा चढला. स्कोंत्रीनो म्हणजे पावती. आधी गल्ल्यावर पैसे भरायचे, पावती काउंटरवर ठेवायची, मग माल. पावती करून आणली तर समोर सहा ग्लास दूध, तेही कोमट. ते उचलून मंडळी टेबलाला बसायला गेली तेव्हा वेटरनं सांगितलं, टेबलाचा दर वेगळा. फ्लोरेन्सच्या गाडीला बारा मिनिटं उरली होती. दूध तिथंच राहिलं.

फसवलं कुणी नव्हतं. दरफलक भिंतीवर असतो, बऱ्याच ठिकाणी ‘बांको’ म्हणजे उभ्यानं आणि ‘ताव्होलो’ म्हणजे बसून, असे दोन रकाने असतात. उभ्यानं एस्प्रेसो दीड युरोच्या आसपास पडते. तीच एखाद्या प्रसिद्ध चौकात खुर्ची टाकून घेतली की बिल बघून घाम फुटतो. म्हणून आत शिरल्यावर आधी दोन मिनिटं नुसतं बघावं. लोकांच्या हातात पावत्या आहेत की ते पिऊन मग पैसे देतायत? गल्लीतल्या छोट्या बारमध्ये बहुधा आधी पिणं, मग पैसे. एवढा धीर आपल्या माणसाला का नसतो कळत नाही. सिद्धेश्वराच्या दर्शनाला तासभर रांगेत उभा राहतो, इथं मात्र कोपरानं जागा करतो. आपल्या जिभेला जुळेल असं हवं तर ‘काफे लात्ते’ हे दोन्ही शब्द म्हणा आणि साखरेच्या दोन पुड्या घ्या. सकाळी अकरानंतर कॅपुचिनो मागू नये, हे इंटरनेटवरचं भय सोडून द्या. बारवाला फार तर भुवई उचलेल, कॉफी देईल.

दुसरी तक्रार: “गारढोण दिली.” गारढोण नसते ती. मशीनवर दूध वाफेनं ६०-६५ अंशांपर्यंतच तापवतात. ७० च्या वर गेलं की फेस खरबरीत होतो, दुधाचा गोडवा जातो आणि उकळल्याचा वास येतो. आपला चहा उतू जाईपर्यंत उकळतो, जिभेला ती सवय. जास्त गरम हवी असेल तर मागतानाच ‘एक्स्ट्रा हॉट’ म्हणा; कप हातात आल्यावर परत तापवून मागू नका, फेसाचं वाटोळं होतं. आणि आलेली लगेच प्या! फोटो काढायचा, पिशवीतून शेंगाचटणीचा डबा शोधायचा, मागं राहिलेल्यांना हाका मारायच्या, तोवर ३० मिली कॉफी तुमची वाट बघत गरम राहत नाही. एस्प्रेसो तीन घोटांत संपवायची.

मेलबर्न, बर्लिन, कोपनहेगनमध्ये कॉफी आंबट लागली तर नासलेली नसते. तिथल्या अनेक दुकानांत बिया कमी भाजतात, आंबटपणा मुद्दाम राखतात. ‘फ्लॅट व्हाइट’ म्हणजे एस्प्रेसोत गरम दूध घातलेली कॉफी घ्या, दुधात तो दबतो. ऑस्ट्रेलियात बरेच कॅफे दुपारी तीनला गाशा गुंडाळतात, हेही लक्षात असू द्या.

अ‍ॅमस्टरडॅममध्ये ‘कॉफीशॉप’ अशी पाटी दिसली की आई-वडिलांना घेऊन आत शिरू नका. तिथं गांजा मिळतो, १८ वर्षांखालच्यांना दारातूनच परत पाठवतात. कॉफीसाठी ‘कोफीहाउस’ किंवा कॅफे शोधा. बाहेर येणारा वास अगरबत्तीचा नाही, एवढं तरी ओळखा.

तुर्कस्तानात साखर कॉफीबरोबरच शिजते, म्हणून आधी सांगा: साधी हवी तर ‘सादे’, मध्यम गोड हवी तर ‘ओर्ता’. वरून साखर घालून ढवळलं की तळाचा गाळ तोंडात. व्हिएन्नात वेटर बिल आपणहून आणत नाही. तासभर वाट बघून चिडू नका, मागा. कार्डाच्या मशीननं ‘रुपये की युरो’ विचारलं तर युरो दाबा, रुपयांचा दर महाग लावलेला असतो. आणि कार्डाचा परदेशातला वापर निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करा, काउंटरवर ओटीपीची वाट बघत बसू नका.

सिंगापुरात मात्र सोलापूरकर खूश होतो. ‘कोपी’ म्हणजे कंडेन्स्ड मिल्क घातलेली कडक, गोड कॉफी. बिनदुधाची ‘कोपी-ओ’, साखर कमी हवी तर ‘सिउ दाय’, अजिबात नको तर ‘कोसोंग’.

एवढं करूनही घरचीच हवी असेल तर २०० ग्रॅम फिल्टर पावडर आणि छोटा फिल्टर चेक-इन बॅगेत टाका. दूध पावडर युरोपात नेऊ नका. भारतातून दुधाचे पदार्थ नेण्यावर युरोपीय संघात बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. दूध तिथल्याच दुकानातून घ्या आणि ते हॉटेलच्या किटलीत उकळू नका. तळाला लागतं, वास जात नाही, आणि तुमच्या नंतरच्या पाहुण्याच्या चहालाही तोच वास येतो. पाणी उकळा, डिकॉक्शन कडक पाडा आणि गार दूध थोडंच घाला.