होर्मुझची सामुद्रधुनी आणि रावेरची केळी

आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय नव्याने घेतलेल्यांसाठी हे लिहितो आहे. मी जळगावला राज्यशास्त्र शिकतो, घर रावेर तालुक्यात. पहिल्या वर्षाची बहुतेक मुलं पाठांतरापासून सुरुवात करतात : संयुक्त राष्ट्रांची स्थापना १९४५, सुरक्षा परिषदेचे सदस्य १५, त्यातले कायम ५. हे लागतंच, पण एवढ्यावर विषयाची गोडी लागत नाही. माझं ऐकाल तर आपल्या घरापासून सुरू करा.

सावदा-रावेरकडच्या एखाद्या पॅकहाऊसमध्ये तासभर उभे राहा. घडाच्या फण्या सुट्या होतात, पाण्यात धुतल्या जातात, केळीची जाडी मोजतात, डाग दिसला की फणी बाजूला. चांगला माल खोक्यात आणि खोकी १३-१४ अंशांच्या थंड कंटेनरमध्ये. तो कंटेनर न्हावाशेवा बंदरातून इराण, इराक, दुबईकडे निघतो. आता नकाशा उघडा आणि बोटाने ती वाट काढा. दुबई आणि इराकचं बसरा दोन्हींसाठी होर्मुझची सामुद्रधुनी, म्हणजे इराण आणि ओमानमधली समुद्राची अरुंद पट्टी, ओलांडावी लागते, इराणचं बंदर अब्बास तर तिच्या काठावरच. सर्वांत अरुंद जागी ती चाळीस किलोमीटरही नाही. जून २०२५ मध्ये इस्रायल आणि इराणची लढाई पेटली, तेव्हा आमच्या पारावर बऱ्हाणपूरच्या केळीच्या दराबरोबर बंदर अब्बासचीही चौकशी सुरू होती. वर्गात ‘सागरी व्यापारमार्गांचे महत्त्व’ शिकवलं, तेव्हा मला उदाहरण शोधावं लागलं नाही.

कापसाचं जास्त गुंतागुंतीचं आहे. केंद्र सरकारने १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क काही महिन्यांपुरतं उठवलं. त्याच महिन्याच्या २७ तारखेपासून अमेरिकेने बऱ्याच भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. दोन बातम्या वेगवेगळ्या वाचल्या तर काहीच हाती लागत नाही, शेजारी ठेवल्या की दिसतं : निर्यातीची वाट अवघड होत असताना गिरण्यांना बाहेरची स्वस्त रुई मिळाली, आणि चोपडा-धरणगावच्या शेतकऱ्याच्या कापसावर ऐन हंगामाच्या तोंडावर दाब आला. हा भार शेतकऱ्यावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं, आणि परीक्षेत विचारलं तर मी आकड्यांसकट तसंच लिहीन.

त्याच दिवसांत मावशीचा फोन आला. ती सुरतला उधन्याला राहते, काका कापडाच्या कारखान्यात. काम कमी झालंय, पाळ्या कापल्यात, म्हणाली. ताप्ती लाइनच्या, म्हणजे जळगाव-सुरत मार्गाच्या गाडीने खान्देशातली किती माणसं तिकडे गेली आहेत, हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. आमचं घर रावेरला आहे तसं उधन्यालाही आहे. वॉशिंग्टनमध्ये सही झाली आणि उधन्याच्या घरातलं दूध अर्धा लिटरवर आलं. परदेश धोरणाचा अभ्यास मी त्या फोनमुळे जास्त मनापासून करतो.

आता थोडं कामाचं. सगळ्या जगामागे धावू नका, वर्षभर एकच प्रदेश धरा. केळीवाल्यांनी पश्चिम आशिया धरावा, कापूसवाल्यांनी अमेरिका. वहीत प्रत्येक बातमीला एक पान द्या : निर्णय कोणी घेतला, कशाच्या आधारे, आपल्याकडे काय बदललं. संयुक्त राष्ट्रांची सनद मुळातून वाचा. फक्त १११ कलमं आहेत. दुसऱ्या कलमातला बळाचा वापर न करण्याचा नियम आणि कलम ५१ मधला स्वसंरक्षणाचा हक्क समोरासमोर ठेवलेत, की बहुतेक युद्धांमधले दोन्ही बाजूंचे दावे नीट कळू लागतात. इंग्रजीची धास्ती घेऊ नका, टिपणं मराठीत काढा. यूपीएससीची मुख्य परीक्षाही मराठीतून लिहिता येते आणि हा विषय तिच्या सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरात आहे.

पुढे दिल्लीच्या जेएनयूसारख्या (जवाहरलाल नेहरू विद्यापीठ) ठिकाणी एमए करायचं असेल तर सीयूईटी-पीजी ही सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिची तयारी तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच धरा, आणि जातीचे, नॉन-क्रीमीलेअरचे दाखले लागणार असतील तर दिवाळीच्या सुटीत गावी गेल्यावर करून घ्या.