इमेलचा पत्ता बदलायचाय? आधी एक वही घ्या

सकाळी मेल उघडला की आधी खिडकी यायची. फोन नंबर जोडा. जागा संपत आली, जास्तीची विकत घ्या. नवी ‘स्मार्ट’ सोय चालू करा. ‘नको’ असं बटण नसायचंच. असायचं ते ‘आत्ता नको’, म्हणजे उद्या पुन्हा. एकदा वडिलांचा रक्ताचा रिपोर्ट घाईने उघडताना भलत्याच बटणावर बोट पडलं आणि माझी पत्रं चाळून सूचना देणारी सोय चालू झाली. ती बंद कुठून करायची हे शोधण्यात वीस मिनिटं गेली. त्याच रात्री ठरवलं, पत्ता बदलायचा. मला तीन महिने लागले, आणि हे काम घाईने करू नये असं मी मनापासून सांगते.

प्रोटॉन मेल आणि टुटा या दोन मेल सेवांवर फुकट खातं काढून मी महिनाभर वापरलं. प्रोटॉन स्वित्झर्लंडचं; सर्न या संशोधन केंद्रात भेटलेल्या शास्त्रज्ञांनी 2014 साली सुरू केलेलं. टुटा जर्मनीतल्या हानोफरचं. 2023 पर्यंत त्याचं नाव टुटानोटा होतं. दोन्हीकडे पत्रं एन्क्रिप्ट करून ठेवतात, म्हणजे कुलूप लावून, आणि किल्ली तुमच्या पासवर्डाशी बांधलेली असते. टुटा विषयाची ओळसुद्धा एन्क्रिप्ट करतं, प्रोटॉन करत नाही. पण टुटा थंडरबर्डसारख्या दुसऱ्या मेल ॲपमध्ये उघडत नाही. प्रोटॉन ‘ब्रिज’ नावाच्या प्रोग्रॅममधून उघडतं, तेही पैसे भरणाऱ्यांनाच. माझं सगळं काम थंडरबर्डमध्ये चालतं, म्हणून मी पैसे भरून प्रोटॉन घेतलं. फक्त जाहिराती नकोत आणि नेहमीचं ॲप हवं, इतकीच गरज असेल तर बर्लिनचं पोस्टेओ किंवा ऑस्ट्रेलियाचं फास्टमेल बघा. दोन्हींना पैसे पडतात.

एक गैरसमज मात्र नको. समोरच्याचा मेल असं कुलूप न लावणाऱ्या साध्या कंपनीकडे असेल तर तुमच्या पत्राची प्रत तिथे राहतेच. कायद्यापासूनही कोणी सुटत नाही: 2021 साली स्विस अधिकाऱ्यांच्या आदेशावरून प्रोटॉनला फ्रान्समधल्या एका हवामान कार्यकर्त्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक, द्यावा लागला.

नवं खातं काढल्यावर पहिलं काम म्हणजे परत मिळवण्याची सोय. प्रोटॉन बारा शब्द देतं, टुटा एक लांबलचक कोड. ते कागदावर लिहा आणि दोन ठिकाणी ठेवा. हे न करता पासवर्ड विसरलात तर तुमची पत्रं कंपनीलाही उघडून देता येत नाहीत. इथे मी चूक केली होती. नव्या खात्याचा रिकव्हरी मेल म्हणून जुनाच पत्ता दिला, आणि जुन्या खात्यावर नोंदवलेला फोन नंबर केव्हाच बंद पडलेला. म्हणजे नव्या घराची किल्ली जुन्या घरात, आणि जुन्या घराची किल्ली हरवलेली. तुमचा रिकव्हरी मेल आणि फोन नंबर दोन्ही आजच तपासा.

आता वही. जुन्या मेलमध्ये ‘पासवर्ड’, ‘स्वागत’, ‘पावती’, ‘ओटीपी’ हे शब्द मराठीत आणि इंग्रजीत शोधा. माझी 83 खाती निघाली. मला वाटत होतं वीसेक असतील. पानावर तीन रकाने पाडा: खातं, पत्ता बदलला का, नव्या पत्त्यावर मेल आला का. तिसरा रकाना फार महत्त्वाचा. विम्याच्या खात्यात पत्ता बदलला म्हणून मी बरोबरची खूण केली होती, पण पक्कं करण्याचा दुवा जुन्या पत्त्यावर जाऊन पडला होता आणि हप्त्याची आठवणही तिकडेच जात राहिली. बँक, विमा, दवाखाना, कर ही खाती आधी घ्या. दुकानं, वर्तमानपत्रं मागाहून. निम्मी खाती तर मी बंदच करून टाकली.

वही भरेपर्यंत जुन्या पत्त्यावरून नव्यावर फॉरवर्डिंग लावा. अर्थात तोवर जुनी कंपनी ती पत्रं पाहू शकते, म्हणून फॉरवर्ड होऊन आलेला प्रत्येक मेल हे वहीतलं राहिलेलं काम समजा. मी त्यांना वेगळं लेबल लावलं होतं. पहिल्या आठवड्यात तिथे रोज पंधरा-वीस मेल पडायचे, तिसऱ्या महिन्यात आठवड्याला एखादा.

जुनी पत्रं सगळी उचलून आणू नका. जीमेल असेल तर गूगल टेकआउट या गूगलच्याच सोयीतून सगळ्या पत्रांची एमबॉक्स फाइल उतरवून घ्या आणि ती बाहेरच्या डिस्कवर ठेवा. नव्या ठिकाणी लागतील तेवढीच आणा. फुकट खात्यात जागा थोडी असते.

जमत असेल तर स्वतःचं डोमेन, म्हणजे पत्त्यातलं @ नंतरचं नाव, विकत घ्या. मग पुढे कंपनी बदलली तरी पत्ता तोच राहतो, डोमेनची नोंद तेवढी बदलायची. पण त्याचं नूतनीकरण चुकवू नका. मुदत संपली की ते नाव दुसरा कोणीही विकत घेऊ शकतो आणि तुमचे मेल त्याच्याकडे जाऊ लागतात.

जुनं खातंही लगेच बंद करू नका. याहूने 2013 साली बरेच दिवस न वापरलेले पत्ते नव्या लोकांना देऊन टाकले होते. विसरलेलं एखादं खातं तुमच्या जुन्या पत्त्यावर ओटीपी पाठवत असेल, तर तो कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. माझं जुनं खातं आता रिकामं आहे, पण चालू आहे. दर महिन्याच्या एक तारखेला मी ते उघडते, काही आलं असलं तर वहीत उतरवते आणि बंद करते.