टीबीसाठी थुंकीची स्लाइड: झेडएन स्टेन (झील-नील्सन, जंतू रंगवायची पद्धत) नीट कसा करायचा

डीएमएलटीची (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाची) पोरं पोस्टिंगला आली की सगळ्यांना थेट मायक्रोस्कोपवर बसायचं असतं, पण खरं सांगू का, टीबीची स्लाइड बिघडते ती बहुतेक वेळा मायक्रोस्कोपच्या आधीच, म्हणजे डबीत काय आलंय आणि स्मिअर (स्लाइडवरचा थुंकीचा पातळ थर) कसा पसरलाय तिथेच.

डबी आली की आधी नुसतं बघा. आत घट्ट, पिवळसर बेडका हवा. पाण्यासारखी लाळ असेल तर पेशंटला समजावून परत सॅम्पल मागा, मोठा श्वास घेऊन छातीतून खोकून काढा असं सांगा, नुसतं "थुंकी द्या" म्हटलं की लोक थुंकीच देणार ना. दोन सॅम्पल घेतात, एक तिथल्या तिथे आणि एक सकाळी उठल्या उठल्याचं, सकाळचं जास्त कामाचं.

स्लाइड कायम नवी घ्यायची, धुतलेली जुनी नको, कारण जुने जंतू चिकटून राहतात आणि निगेटिव्ह माणूस पॉझिटिव्ह होतो. डायमंड पेन्सिलने नंबर टाका. मग तुटक्या टोकाच्या काडीने (झाडूची काडीही चालते) बेडक्यातला पिवळा घट्ट भाग उचलून साधारण २ बाय ३ सेंटीमीटरमध्ये गोल गोल फिरवत पसरवा. काडी लगेच ५% फिनॉलमध्ये (जंतुनाशकात) टाका. स्मिअर किती जाड हवा? वाळल्यावर स्लाइड छापील कागदावर धरा, खालची अक्षरं जेमतेम वाचता आली पाहिजेत. अजिबात दिसत नसतील तर जाड झालाय, धुताना सुटून जाणार. हवेत पूर्ण वाळू द्या, ओला असताना ज्योतीवर धरू नका, आणि वाळल्यावर स्मिअरची बाजू वर ठेवून ज्योतीवरून चार-पाच वेळा फिरवा.

आता स्टेन. १% कार्बॉल फुक्सिन स्लाइडभर ओता आणि खालून गरम करा, वाफ दिसली की थांबा. उकळायचं नाही आणि वाळूही द्यायचं नाही, ५ मिनिटं तसंच ठेवा. उष्णता का, तर या जंतूच्या भिंतीत मायकोलिक अ‍ॅसिडचा मेणासारखा थर असतो, रंग सहज आत शिरत नाही, पण एकदा शिरला की अ‍ॅसिडनेही निघत नाही. त्यावरच तर सगळी टेस्ट उभी आहे. मग हलक्या धारेने धुवा, २५% सल्फ्युरिक अ‍ॅसिड २ ते ४ मिनिटं, परत धुवा, अजून लाल दिसत असेल तर अ‍ॅसिड पुन्हा. शेवटी ०.१% मिथिलिन ब्लू ३० सेकंद, धुवा, उभी ठेवून वाळवा. (अ‍ॅसिड बनवताना पाण्यात अ‍ॅसिड ओतायचं, उलटं केलं तर तोंडावर उडेल.)

१००एक्स ऑइल इमर्शनखाली निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लालसर-गुलाबी काड्या दिसतात, थोड्या वाकड्या, कधी मण्यांसारख्या, कधी जुडग्याने. रंगाचे खडेही लाल दिसतात, पण ते काळपट, वेड्यावाकड्या आकाराचे असतात आणि बरेचदा वेगळ्या फोकसला येतात. तेल टाकताना ड्रॉपर स्लाइडला टेकवू नका.

निगेटिव्ह लिहायचं तर १०० फील्ड (मायक्रोस्कोपमध्ये एका वेळी दिसतो तेवढा गोल म्हणजे एक फील्ड) बघायचे म्हणजे बघायचेच, वीस बघून चहाला गेलात तर तो रिपोर्ट नाही. १०० फील्डमध्ये १ ते ९ जंतू दिसले तर स्कॅन्टी (तुरळक), आकडाही लिहा. १० ते ९९ असतील तर १+. दर फील्डला १ ते १० असतील तर २+ (५० फील्ड पुरतात), दहाच्या वर तर ३+ (२० पुरे).

आणि निगेटिव्ह आलं म्हणजे टीबी नाही असं पेशंटला कुणी सांगू नये. मिलीलीटरमागे साधारण ५ ते १० हजार जंतू असल्याशिवाय स्मिअरमध्ये सापडत नाहीत. म्हणून आता निदानासाठी आधी सीबीनॅट नाहीतर ट्रूनॅट या जंतूचा डीएनए शोधणाऱ्या मशीनच्या टेस्ट लावतात (ट्रूनॅट आपल्या शेजारच्या गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं), त्यात रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध चालेल का तेही कळतं. पण उपचार चालू असताना फॉलोअपला स्मिअरच लागतो, कारण त्या मशीनना मेलेल्या जंतूंचा डीएनएही सापडतो. स्मिअरलाही मेलेले कळत नाहीत म्हणा, पण संख्या उतरतेय का ते दिसतं, आणि शंका आली तर कल्चर (जंतू वाढवून बघणं) आहेच.

रिपोर्ट गेल्यावर स्लाइड फेकू नका, तेल काढून नंबरवार बॉक्समध्ये ठेवा, री-चेकिंगला (दुसऱ्याने पुन्हा तपासायला) त्यातल्याच उचलतात.