थंडीत ऑर्किड खिडकीपासून हातभर आत घ्या

डिसेंबर उजाडला की नाशिकचा पारा रात्री १० अंशांच्या खाली सहज उतरतो. निफाडकडे तर आणखी खाली. आपल्याकडे घरात सर्रास दिसणारं फॅलेनॉप्सिस ऑर्किड मूळचं उष्ण, दमट प्रदेशातलं. रात्रीचं तापमान १५ अंशांच्या खाली गेलं की ते कुरकुरायला लागतं.

सगळ्यात जास्त इजा होते ती खिडकीच्या काचेला टेकलेल्या पानांना. पहाटे त्या काचेला हात लावून बघा, बर्फासारखी गार असते! दोन-चार दिवसांनी पानावर पाणी भरल्यासारखे, दबलेले डाग उठतात आणि पुढे तपकिरी पडतात. ते पान पुन्हा पहिल्यासारखं होत नाही, पण लगेच कापू नका. हिरवा भाग अजून झाडाला पोसत असतो.

म्हणून संध्याकाळी पाचलाच खिडकी लावून घ्या आणि कुंडी हातभर आत सरकवा. थंडगार फरशीवर ठेवू नका, लाकडी पाट किंवा स्टूल चांगलं. हीटरच्या झोतासमोर तर मुळीच नको, कळ्या गळतात.

पाणी सकाळीच, नळाचं गारढोण नव्हे, कोमट करून. मुळं रुपेरी दिसली तरच द्या. हिरवी असतील तर थांबा. पानांच्या बेचक्यात थेंब साचला तर कापसाने टिपून घ्या, थंडीत तिथूनच गाभा कुजतो. खत या दिवसांत अगदी कमी.

सकाळचं कोवळं ऊन मात्र जरूर मिळू द्या.