नकाशाचा थर सोपवण्यापूर्वी
संगणकीय नकाशातला थर, म्हणजे रस्ते किंवा घरे अशा एका विषयाची माहिती, दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी त्याची निर्देशांक प्रणाली (जागेचे स्थान आकड्यांत सांगण्याची पद्धत), मूळ स्रोत, सर्वेक्षणाची तारीख आणि अपेक्षित चूक मेटाडेटामध्ये, म्हणजे थरासोबतच्या माहितीपत्रकात, नोंदवावी. १:५०,००० प्रमाणाच्या कागदी नकाशावरून रेषा गिरवली असेल, तर कागदावरची अर्ध्या मिलिमीटरची चूक जमिनीवर २५ मीटर होते; म्हणून पडद्यावर कितीही मोठी करून पाहिली तरी त्या रेषेवरून कुंपणाचा वाद मिटवू नये, आणि ग्राहकाने आग्रह धरल्यास लेखी नकार द्यावा. अक्षांशाला आठ दशांश स्थळे देणे ही तर निव्वळ फसवी अचूकता, कारण पाचवे स्थळच सुमारे एक मीटर दाखवते. पडताळणीसाठी नकाशा खऱ्या निर्देशांकांवर बसवताना न वापरलेले स्वतंत्र बिंदू प्रत्यक्ष जागेवर मोजावेत. थरात रुग्णांची घरे बिंदूंनी दाखवली असतील, तर नाव पुसले तरी बिंदूवरून घर ओळखता येत असल्याने रुग्णांची माहिती परिसरानुसार एकत्र करूनच द्यावी.