औषधाने कळा सुरू करताना: दाखल होण्यापूर्वीची तयारी

दाखल होण्यापूर्वी डॉक्टरांना दोन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: कळा आपोआप येण्याची वाट न पाहण्याचे कारण काय, आणि तपासणीत गर्भाशयाचे मुख कितपत मऊ झाले आहे. पुढचा वेळ मुख्यतः या दुसऱ्या उत्तरावर ठरतो. मुख घट्ट असल्यास ते मऊ करण्यासाठी आधी प्रोस्टाग्लँडिनचे जेल किंवा गोळी देतात, अथवा फुगा असलेली नळी बसवतात. त्यानंतर गरजेनुसार पाणमोट फोडून सलाईनमधून ऑक्सिटोसिन (कळा आणणारे औषध) सुरू करतात. या सगळ्याला, विशेषतः पहिल्या बाळंतपणात, 24 तासांहून अधिक वेळ लागू शकतो, म्हणून सोबतच्या व्यक्तीने विश्रांतीची सोय आधीच करावी. (पहिल्या रात्री काहीच घडले नाही, तरी तो बिघाड समजू नये.)

ऑक्सिटोसिन सुरू असताना बाळाच्या ठोक्यांवर यंत्राने लक्ष ठेवतात; तरीही कुशीवर वळता किंवा बसता येईल का, हे अवश्य विचारावे. कळा तीव्र वाटू शकतात, त्यामुळे वेदनाशमनाचे पर्याय आधीच ठरवणे शहाणपणाचे. दहा मिनिटांत पाचांहून अधिक कळा येऊ लागल्या, रक्तस्राव झाला किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर परिचारिकेला लगेच सांगावे.